कस्तुरांची वही, तिसरा हंगाम: अकरावरून तीन

मागच्या हंगामाअखेर पक्षीनोंदींच्या वहीत हिमालयन फॉरेस्ट थ्रशच्या, म्हणजे आपल्या वन-कस्तुराच्या, ११ नोंदी होत्या आणि मी भलताच खूश होतो. आता तीनच उरल्यात. बाकी आठांपुढे पेन्सिलीने लिहिलंय, ‘साधी पाठ, नक्की कोण ते सांगता येत नाही’.

जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला घेतली आणि लक्षात आलं, हे आठही पक्षी मुके होते. नुसत्या फोटोवरून आयडी ठोकलेले. घोळ तसा जुनाच. २००९ मध्ये पश्चिम अरुणाचलात पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी या पक्षी-अभ्यासकांना जाणवलं, की सूचिपर्णी जंगलातला ‘प्लेन-बॅक्ड थ्रश’ (साध्या पाठीचा कस्तूर, तेव्हा दोघांचं एकच नाव) गोड गातो आणि झाडं संपल्यावर वर उघड्यावर भेटणारा खरखरीत. २०१६ मध्ये जंगलातल्याची स्वतंत्र जात झाली, सालिम अलींच्या नावाने. वरचा तो अल्पाइन थ्रश. तोवर संग्रहालयांतले नमुनेही एकाच नावाखाली पडून होते. तेव्हा चुकलो, पण संगत चांगली होती.

मोजमापं म्हणतात, अल्पाइनच्या मानाने वन-कस्तुराची चोच लांब. पाय, शेपूट आणि पंख आखूड. वाचायला सोपं! पक्षी काही पट्टी लावून घ्यायला थांबत नाही. शेवाळात पानं उलटतो, तीन-चार सेकंद मान वर करतो, की गेला झुडपात. एका फोटोतली ‘लांब चोच’ मी अभिमानाने मिरवली होती. परवा झूम करून पाहिलं, तर टोकाला गांडूळ लोंबत होतं.

तसाच दिसणारा तिसरा, लाँग-टेल्ड थ्रश, मात्र आता फसवत नाही. पंखावर दोन ठळक फिकट पट्टे, विषय संपला. (एवढं डोक्यात बसायला पहिला हंगाम गेला, ते जाऊ दे.)

राहता राहिलं गाणं. वन-कस्तूर लांब, स्वच्छ सूर लावतो, मध्येच बारीक, तुटक काहीतरी पेरतो. अल्पाइनचा घसा बसलेला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की शंका उरत नाही. एकटाच ऐकला तर मला अजून सोनोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडावा लागतो.

विणीच्या दिवसांत पक्षी वृक्षरेषेच्या (जिथे झाडं संपतात त्या उंचीच्या) खाली की वर, याचा मोठा आधार असतो. हिवाळ्यात दोघेही खाली उतरतात आणि तो आधार सुटतो. खोडलेल्या आठांपैकी पाच नोंदी हिवाळ्यातल्याच आहेत. तिथे मी केवळ ‘जंगल आहे, म्हणजे वन-कस्तूर’ असं धरून चाललो होतो.

उरलेल्या तीन जूनमधल्या, तिन्ही आवाजासकट. तिसरीत ऐन सुरावर माझी शिंक आहे, पण ती ठेवणार. पुढच्या वेळी रेकॉर्डर जॅकेटच्या खिशात नाही, गळ्यात. पहाटेच्या थंडीत बोटं बधिर, खिशाची चेन उघडेपर्यंत गडी गाऊन गप्प. दोनदा झालंय.