४४०बीएक्स प्रकल्प: अर्थिंगचा तिढा सुटला

मंडळी, माझ्या जुन्या पीसीचा मदरबोर्ड (इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा) अजून कॅबिनेटमध्ये गेलेला नाही, पण आता तो बिनघोर जाऊ शकतो. अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारा रिस्ट स्ट्रॅप हाताला, तशीच मॅट टेबलावर, सगळ्या वायरी जागच्या जागी आणि तरी स्थिर वीज दाखवणाऱ्या डिटेक्टरचा एलईडी विझतोय, हे गेल्या नोंदीत जे अर्धवट राहिलं होतं त्याचा छडा लागला. स्ट्रॅप ठीक होता, मॅटही ठीक होती. दोष भिंतीच्या आत होता.

डिटेक्टर तोच आहे: बीएफ२४५ हा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), त्याच्या गेटला बोटभर उघडी तार, ९ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी. ऋण भार जवळ आला की फेट बंद होतो आणि दिवा विझतो. केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा हातभर अंतरावरूनही त्याला कळतो. ज्यांनी अजून केला नसेल त्यांनी एका रविवारी करूनच टाका. स्थिर वीज दिसत नाही म्हणून आपण तिच्याबद्दल अंदाजपंचे बोलतो. हा दिवा विझताना एकदा पाहिला की थर्मोकोलचा तुकडा टेबलावर ठेवायचं धाडसच होत नाही.

हा उद्योग आत्ताच का, तर ऋतू. होळी झाली की नागपुरात थंडी संपलेली असते आणि कूलर अजून माळ्यावर असतो. दुपारी खोलीतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. खुर्चीवरून उठलं तरी अंगावर काही हजार व्होल्ट चढतात. मुंबई-कोकणातल्या लोकांना हे खोटं वाटेल, कारण दमट हवेत भार फारसा टिकत नाही. माणसाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि जुन्या सीमॉस चिपला किंवा मॉसफेटच्या गेटला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणजे बहुतेक वेळा चिप मरते आणि आपल्याला पत्ताही नसतो. नाहीतर ती अर्धमेली होते, आज बूट होते आणि महिन्याभराने रॅमच्या चाचणीत चुका दाखवू लागते. १९९८ च्या बोर्डासाठी चालू स्थितीतला दुसरा नग शोधत हिंडायची माझी तयारी नाही.

आता मूळ तिढा. आधी स्ट्रॅप तपासला. एक टोक मनगटाला, दुसरं मल्टिमीटरला. कॉर्डमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतोच, वर कातडीचा स्पर्श. आकडा ४ मेगओहमच्या आसपास नाचत होता. ओल्या फडक्याने मनगट पुसलं आणि तो १.३ वर येऊन स्थिरावला. कारखान्यांत ३५ मेगओहमपर्यंत चालतं, तेव्हा स्ट्रॅप निर्दोष. इथे एक सांगते: कोरड्या दिवसांत हाताला खोबरेल लावायची आपली सवय या कामाला उपयोगाची नाही. तेल विद्युतरोधक आहे. पाणी असलेलं साधं लोशन लावा, किंवा ओलं फडकं पुरतं.

काही जण भार लवकर उतरावा म्हणून हा १ मेगओहम काढून टाका म्हणतात. कृपा करून काढू नका. शरीराची धारकता साधारण १०० पिकोफॅरड धरतात. १ मेगओहममधून तेवढा भार उतरायला मिलिसेकंदही लागत नाही, आणि चुकून २३० व्होल्टला हात लागला तर त्या वाटेने पाव मिलीअँपच्या आतच प्रवाह जातो. हा रेझिस्टर तुमच्या जिवासाठी आहे.

मग मॅट. खालचा काळा थर वाहक, वरचा हिरवा थर मुद्दाम जास्त रोधाचा, म्हणजे भार झटक्यात न जाता सावकाश उतरतो. मल्टिमीटरने ही मॅट मोजता येत नाही, त्याची मजल संपते. ओळखीच्या वायरमनकडचा मेगर (खूप मोठा रोध मोजणारं यंत्र) आणून मोजलं, आकडा अपेक्षेत होता. याच मेगरवर मी बाजारातला पातळ गुलाबी ‘अँटिस्टॅटिक’ प्लास्टिकचा पत्राही मोजला. त्याने पार वरचं टोक गाठलं. टेबलावर अंथरायला तो साध्या प्लास्टिकपेक्षा फारसा बरा नाही, पैसे वाचवा. बिनवायरचे स्ट्रॅप मिळतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. जायला वाटच नसेल तर भार जाणार कुठे?

उरला सॉकेट. १९७० च्या सुमाराचं घर, मूळचं वायरिंग दोन तारांचं, थ्री-पिन सॉकेट नंतर कधीतरी बसवलेले. कामाच्या खोलीत फेज-न्यूट्रल २२९ व्होल्ट. फेज-अर्थ ९४, आणि तोही सरकणारा. सरकणारा आकडा दिसला की ती तार कुठेच जोडलेली नाही असं समजा. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह ओढतो की शेजारच्या तारेतून येणारा भासही त्याला व्होल्टेज वाटतो. वायरमनने फेज-अर्थच्या मधे १५ वॅटचा झिरोचा बल्ब लावला, तो पेटला नाही आणि आकडा शून्यावर आला. ही चाचणी करताना घरातले सगळे टॉप (प्लग) काढून ठेवा. अर्थ तुटलेला असेल तर बल्बमधून फेज थेट त्या तारेवर जातो आणि फ्रिज, पीसी, वॉशिंग मशीन यांच्या पत्र्यावर येतो.

आणि कॅबिनेट का ‘करंट मारत’ होतं तेही इथेच कळलं. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आत फेजपासून आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की पत्रा बरोबर मधल्या व्होल्टेजला तरंगतो. कॅबिनेटपासून न्हाणीघरातल्या लोखंडी नळापर्यंत मी ११२ व्होल्ट मोजले. प्रवाह अर्ध्या मिलीअँपच्या आत, हाताला नुसत्या मुंग्या. पण असं एक मशीन आणि अर्थ असलेलं दुसरं चालू असताना सीरियल केबल जोडली की तोच फरक पोर्टच्या चिपमधून जातो. आपल्या छंदात मेलेले कितीतरी सीरियल आणि प्रिंटर पोर्ट आपण स्थिर विजेच्या नावावर लिहितो. त्यातले बरेच याने गेलेले असणार, असं माझं ठाम मत झालंय.

पुढच्या खोलीतला सॉकेट मात्र आदर्श निघाला. फेज-अर्थ २२९, अर्थ-न्यूट्रल ०.०. मॅटची वायर तिकडे नेली, एलईडी छान पेटता राहिला. पण तो ०.० मला खुपत होता. १००० वॅटची इस्त्री त्याच स्विचबोर्डावर लावली. ४ अँपच्या वर प्रवाह जुन्या न्यूट्रलमधून जाताना एखादा व्होल्ट तरी पडायलाच हवा, आणि खरा अर्थ स्वतंत्र असेल तर तो फरक दिसायलाच हवा. आकडा तरीही ०.०. मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत दोन इंचांचा लाल वायरचा तुकडा. टेस्टर आणि मीटर दोघांचंही समाधान होईल अशी सोय कुणीतरी करून ठेवलेली. स्थिर वीज यातून उतरते, म्हणून माझा डिटेक्टर खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर चालू उपकरणातून फेज त्या तुकड्यावाटे सरळ कॅबिनेटच्या पत्र्यावर, मॅटवर आणि स्ट्रॅपवर. मघाचा १ मेगओहम आठवा.

घराला अर्थिंगचा खड्डा होता, मागच्या भिंतीलगत. मीटरच्या बोर्डापासून जाणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार रंगाखाली शाबूत दिसत होती, पण पाइपच्या क्लँपपाशी गंजून तिची पूड झाली होती. बोटाने ढकलली तर हातात आली. वायरमनने पाइपचं तोंड खरवडून नवा क्लँप बसवला, तार बदलली आणि माझ्या खोलीपर्यंत २.५ चौरस मिमीची हिरवी वायर ओढली.

मग मोजणी. हिच्यासाठी मी अधीर होते. मीटरपाशी फेज आणि अर्थच्या मधे १०० वॅटचा बल्ब लावला, तो लख्ख पेटला. फेज-न्यूट्रल २२८, बल्बवर २२१. ७ व्होल्ट पडले, प्रवाह ०.४३ अँप, म्हणजे खड्ड्याचा रोध साधारण १६ ओहम. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते. दोन बादल्या पाणी ओतलं, ते मुरू दिलं आणि पुन्हा मोजलं तर ४ व्होल्ट, म्हणजे ९ ओहमच्या आसपास. स्ट्रॅपच्या दृष्टीने ९ काय आणि ९०० काय, पुढे १ मेगओहम आहेच. पण कॅबिनेटवर खरा फेज आला तर ९ ओहममधून फ्यूज लगेच उडेल इतका प्रवाह जाईलच असं नाही. म्हणून ३० मिलीअँपची आरसीसीबी (प्रवाह जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतली.

ती पडायला लागली. काही न लावताही पडायची, तर कधी तासभर टिकायची. आम्ही दोघं हैराण. पहिल्यांदा आरसीसीबीच सदोष असेल असं वाटलं, पण कारण सरळ होतं: आता अर्थ खरा झाला होता, आणि घरात आणखी कुठेतरी तसाच तुकडा शिल्लक होता. त्यातून न्यूट्रलचा थोडा प्रवाह जमिनीत पळत होता आणि आरसीसीबी तेवढाच फरक पकडत होती. एकेक बोर्ड उघडत गेलो. तुकडा स्वयंपाकघरात मिक्सरच्या सॉकेटमागे निघाला. तो काढला आणि तेव्हापासून आरसीसीबी शांत आहे. कॅबिनेट-नळ आता एका व्होल्टच्याही खाली. हात लावला तर गार पत्रा, बस्स. हा आनंद तुम्हालाच सांगण्यासारखा आहे.

या शोधात एक गोष्ट पक्की झाली, ती जरा सविस्तर लिहिते. आपण ‘अर्थ, अर्थ’ करतो, पण बोर्डाला मारतो तो दोन वस्तूंमधला फरक. हात, मॅट, कॅबिनेट आणि हातातला रॅमचा तुकडा एकाच पातळीवर असतील तर ती पातळी जमिनीपेक्षा वर असली तरी चिपला काही होत नाही. म्हणून मी आता मॅटच्या कोपऱ्यात एक पितळी बोल्ट बसवलाय. स्ट्रॅप, मॅट आणि कॅबिनेटची क्रोकोडाइल क्लिप, तिन्ही त्याच बोल्टवर, आणि तिथून एकच वायर अर्थला. ज्यांच्याकडे अर्थिंगचा भरवसा नाही त्यांनी शेवटची वायर सोडून द्यावी, पहिल्या तीन मात्र सोडू नयेत. बाहेरून येणारा प्रत्येक नग चंदेरी पिशवीतच आधी मॅटवर टेकवायचा, पिशवीला हात लावायचा, मग काढायचा. काढलेला नग पिशवीच्या वर ठेवायचा नाही, पिशवीचं संरक्षण आतल्या वस्तूला असतं. गुलाबी पिशवी स्वतः भार धरत नाही एवढंच, बाहेरचा झटका ती अडवत नाही.

मशीन प्लगला लावून ठेवा म्हणजे कॅबिनेटला अर्थ मिळतो, हा सल्ला आपल्याकडे चालत नाही. एक तर अर्थचं वर वाचलंतच. दुसरं, जुन्या स्विचबोर्डात बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, बंद केलं तरी फेज आत जातच राहतो. तिसरं, मदरबोर्ड एटीएक्स प्रकारचा असेल आणि भिंतीवरचं बटण चालू राहिलं तर पीसी बंद असतानाही ५ व्होल्टचा स्टँडबाय जिवंत असतो आणि तशात रॅम काढली की रॅम गेली. त्याऐवजी मी एक थ्री-पिन टॉप केलाय: फेज आणि न्यूट्रलच्या पिना रिकाम्या, फक्त वरच्या जाड पिनेला हिरवी वायर, आत १ मेगओहम. त्यावर हिरवी टेप गुंडाळलीय म्हणजे घरात कुणी तो दुसरीकडे वापरणार नाही.

अर्थ पुन्हा तुटला तर कळायला हवं म्हणून स्विचबोर्डावर निऑनचा दिवा बसवायचं ठरवलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की निऑनला इतका कमी प्रवाह लागतो की तुटलेल्या तारेवरही तो मिणमिणेल. बटण दाबलं की ४७ किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर फेज-अर्थमधे येईल असं करता येईल. ५ मिलीअँपच्या आत काम भागतं, आरसीसीबी पडत नाही. पण अर्थ तुटलेला असताना ते बटण दाबलं की झिरोच्या बल्बचाच प्रश्न, तार जिवंत होणार. तेव्हा दिवा रद्द. महिन्यातून एकदा सगळे टॉप काढून मल्टिमीटर आणि बल्ब, आणि एप्रिल-मे मध्ये खड्ड्याला पाणी.

कूलर लावून खोलीच दमट करावी असाही विचार होता. आर्द्रता खरंच झपाट्याने चढते, पण आमच्या पाण्यातले क्षार हवेबरोबर येऊन सगळीकडे पांढरी पूड बसते. उघड्या स्लॉटवर ती नको. ओला टॉवेल खिडकीत टांगते, ३५ टक्क्यांपर्यंत जातं, तेवढं पुरे.

आता क्रम असा: आधी कॅबिनेटमध्ये बोर्ड, मग सीपीयू आणि एकच रॅम. व्हूडू३ (ग्राफिक्स कार्ड) आणि एडब्ल्यूई६४ (साउंड कार्ड) नंतर, कारण व्हूडूच्या पंख्याची वायर बदलायची आहे आणि माझा सोल्डरिंग आयर्न दोन पिनांचा आहे. त्याच्या टोकावर मोजले तर अर्थच्या तुलनेत ६० च्या वर व्होल्ट दिसतात. तीन पिनांचं स्टेशन घेतेय. कुणी टोकापासून अर्थच्या पिनेपर्यंतचा रोध मोजलेला असेल, २ ओहमच्या आत येणारं, तर मॉडेल कळवा. ते येईपर्यंत व्हूडू पिशवीतच राहील.