हरलेल्या डावांची वही

शाळेच्या बुद्धिबळ संघात माझी निवड झाली नव्हती, मी उरले होते. चौथ्या पटावर बसायला कोणी मिळेना म्हणून सरांनी मला बसवलं, आणि पहिल्या वर्षी मी जवळजवळ सगळे डाव हरले. स्मरणिकेसाठी ‘शाळेने काय दिलं’ यावर लिहून मागितलं आहे. मला शाळेने एक दोनशे पानी वही दिली, तीही हरलेले डाव उतरवायला. जिंकलेला डाव त्यात लिहायचा नाही. तो घरी जाऊन सांग, असं सर म्हणायचे.

डाव उतरवला की खाली दोन रकाने भरायचे: चूक कितव्या खेळीला झाली, आणि त्या वेळी मी काय बघत होते. दुसरा रकाना फार लाजिरवाणा. महिनाभरात त्यात तीच तीच उत्तरं दिसायला लागली. ‘माझा वजीर.’ ‘माझा हल्ला.’ समोरच्याने आत्ता काय खेळलं हे मी बघतच नव्हते. तो विचार करायचा तेवढा वेळ मी माझी पुढची खेळी मुठीत धरून बसायचे.

त्यावर सरांनी सवय लावली. समोरच्याची खेळी झाली की दोन्ही हात मांडीखाली. मग तीन गोष्टी शोधायच्या: तो कुठून शह देऊ शकतो, काय मारू शकतो, आणि कशाचा धाक घालतोय. आपली खेळी ठरली की ती झाली आहे असं समजून पुन्हा हेच तीन प्रश्न. सरावात आम्ही खेळी आधी कागदावर लिहायचो आणि मग खेळायचो. लिहिता लिहिता जो एक श्वास मिळायचा त्यात बऱ्याच घोडचुका सापडायच्या, आणि माझ्या तर खरोखर घोड्याच्याच असायच्या. (स्पर्धेच्या नियमांत आता अशी आधी लिहून ठेवायला मनाई आहे, तेव्हा हे सरावापुरतंच.)

सुरुवातीच्या खेळ्या पाठ करण्याला सरांकडे फारशी किंमत नव्हती. मधली घरं ताब्यात घ्या, घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करून राजा सुरक्षित करा, विनाकारण वजीर नाचवू नका, संपलं. घोडा मध्यात असला की ८ घरांवर जाऊ शकतो आणि कोपऱ्यात जेमतेम २ घरांवर, हे त्यांनी आमच्याकडून बोट ठेवून मोजून घेतलं होतं. मारामारीचा नियमही असाच सोपा होता. आपण एखाद्या मोहऱ्याने पुढे असलो तर मोहऱ्यांची अदलाबदल करावी, प्यादी मात्र राखावीत; मागे असलो तर उलट, प्यादी संपवत न्यावं. कारण प्यादी संपली की नुसता एक उंट किंवा एक घोडा जास्त असून मात देता येत नाही.

हल्ली भाचेमंडळी फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव एकामागून एक खेळतात आणि हरला की लगेच पुढचा सुरू. मजा येते, मीही खेळते. पण त्याने खेळ सुधारतो असं मला वाटत नाही. एक सावकाश डाव खेळावा आणि तेवढाच वेळ तो तपासण्यात घालवावा. तपासतानाही आधी स्वतःच्या डोक्याने. संगणकाने उत्तर दाखवलं की दुसरा रकाना कोराच राहतो. रोजची दहा कोडीसुद्धा मोहरे न हलवता, मनात शेवटपर्यंत जाऊन सोडवावीत.

सरांचा खरा जीव अंत्यडावात, म्हणजे पटावर मोजकेच मोहरे उरतात त्या शेवटच्या टप्प्यात. १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला कापाब्लांकाही अंत्यडाव आधी शिका असंच सांगायचा, हे मला फार नंतर कळलं. सरांनी पटावर दोन राजे आणि एक प्यादं ठेवून आम्हाला तासन्‌तास बसवलं. पांढरा राजा ई-५ वर (ई ही पटावरची उभी रांग, ५ हा तिच्यातल्या घराचा क्रमांक), त्याचं प्यादं मागे ई-४ वर, काळा राजा समोर ई-७ वर. खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं आणि पांढरा जिंकतो. खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. पण तेच प्यादं ई-३ वर असेल, तर पांढरा ते एक घर पुढे सरकवतो, खेळी काळ्यावर ढकलतो आणि जिंकतो. ती एक राखीव खेळी जपायची, ही शिकवण.

शेवटच्या वर्षी आंतरशालेय सामन्यात माझ्यासमोर अगदी हीच स्थिती आली. प्यादं ई-४ वर, राजे समोरासमोर, आणि खेळी माझी. सगळा संघ माझ्या मागे उभा. बरोबरी झाली आणि आमची शाळा अर्ध्या गुणाने मागे पडली.

संध्याकाळी वहीत लिहिलं: चूक, खेळी ४१. खरं तर डाव हरलेला नव्हता, पण सरांनी लिहू दिलं. वही परत आली तेव्हा ४१ वर लाल रेघ होती आणि शेजारी ३६. पानं उलटून बघितलं. ३६व्या खेळीला मी राजा पुढे न्यायच्या ऐवजी ई-३ वरचं प्यादं ई-४ वर ढकललं होतं. दुसऱ्या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. तो अजून तसाच आहे.