व्हीएमची डिस्क एन्क्रिप्ट करताना: माझा अनुभव

ज्या व्हर्च्युअल मशीनवर लोकांची खासगी माहिती होती, त्यांच्या डिस्क एन्क्रिप्ट करायचं काम माझ्याकडे आलं. कुलूप होस्टच्या (ज्या मूळ संगणकावर ही मशीन चालतात त्याच्या) डिस्कवर लावायचं की प्रत्येक गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, आत, हे आधी ठरवणं भाग होतं. डिस्क चोरीला गेली तर होस्टवरचं लक्स (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) पुरतं, पण होस्ट चालू असताना त्याच्या अ‍ॅडमिनला गेस्टच्या फाइली उघड्याच असतात. आमचा होस्ट दुसऱ्यांच्या ताब्यात, म्हणून गेस्टच्या आत. अर्थात चालू गेस्टची मेमरी होस्ट वाचू शकतोच, आणि किल्ली मेमरीतच असते. त्यामुळे मेमरीसकट स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेणं मी बंद केलं, नाहीतर किल्लीच फाइलीत लिहिली जाते.

चाचणीच्या मशीनवर डेटाबेस रांगायला लागला. दोष डिस्कचा की एन्क्रिप्शनचा, हे पाहायला गेस्टमध्ये ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ चालवलं. ते डिस्कला हात न लावता फक्त मेमरीत एन्क्रिप्शनचा वेग मोजतं. एईएस-एक्सटीएसचा (लक्सच्या नेहमीच्या एन्क्रिप्शन पद्धतीचा) आकडा होस्टच्या तुलनेत अगदीच केविलवाणा होता. मग गेस्टमधली सीपीयूची माहिती पाहिली, तर फ्लॅग्जमध्ये (सीपीयूला काय काय जमतं त्या यादीत) ‘एईएस’ नाहीच. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं जुनं, सर्वसाधारण सीपीयू मॉडेल निवडलेलं होतं, आणि ते प्रोसेसरमधल्या एईएसच्या खास सूचना गेस्टला दाखवत नाही. सगळं गणित सॉफ्टवेअरमध्ये होत होतं. मॉडेल ‘होस्ट-पासथ्रू’ (होस्टचा सीपीयू जसाच्या तसा दाखवणारं) केलं, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं, आणि तक्रार संपली. याची किंमत एवढीच, की वेगळ्या प्रोसेसरच्या होस्टवर लाइव्ह मायग्रेशनचा (मशीन चालू असतानाच हलवण्याचा) भरवसा राहत नाही.

पुढची अडचण जागेची. क्यूकाऊ2 फाइल (गेस्टची डिस्क होस्टवर जिच्यात साठते ती) गरजेपुरती फुगते, पण फाइली पुसल्या तरी ती आकसेना. लक्सच्या मागे काम करणारं डीएम-क्रिप्ट डिसकार्डचे (‘हा ब्लॉक आता रिकामा’ असं सांगणारे) आदेश आपणहून खाली पाठवत नाही. क्रिप्टटॅब या सेटिंग फाइलमध्ये ‘डिसकार्ड’, व्हर्च्युअल डिस्कला ‘अनमॅप’ आणि वर एफएसट्रिम (रिकाम्या जागेची खबर खाली देणारी आज्ञा), हे तिन्ही जुळल्यावर जागा परत मिळाली. यात कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे बाहेरून कळतं. आमच्यासाठी ते चाललं. बॅकअपचं मात्र काही करता आलं नाही. एन्क्रिप्टेड डिस्क इमेज ना कॉम्प्रेस होते ना डीडुप (सारखे तुकडे एकदाच साठवणं).

तयार मशीनच्या टेम्प्लेटवरून क्लोन (हुबेहूब प्रती) काढताना आणखी एक गोम निघाली. पासफ्रेज बदलला तरी आतली मूळ किल्ली सगळ्या क्लोनमध्ये तीच राहते. म्हणून प्रत्येक क्लोनवर आधी ‘रीएन्क्रिप्ट’ चालवून ती किल्ली बदलतो, मगच खरा डेटा टाकतो. शिवाय भरपूर रॅम असताना बनवलेलं लक्स2 (लक्सची नवी आवृत्ती) रॅम कमी केल्यावर उघडेना, कारण पासफ्रेजवरून किल्ली काढणारं आर्गॉन2आयडी 1 जीबीपर्यंत मेमरी मागू शकतं. फॉरमॅट करतानाच ती मर्यादा खाली आणली.

रीबूटनंतर पासफ्रेज टाकायला कन्सोल उघडत बसायला नको, म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवलाय, म्हणजे पासफ्रेज दुरून टाकता येतो. पासफ्रेज टाकायला माणूस लागतोच, म्हणून मध्यरात्रीचे आपोआप होणारे रीबूट मात्र बंद ठेवलेत.