कोल्ड एअर इनटेक घेताना: सगळं सांगतात, पाइपचा व्यास सोडून

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा पोचवणारा, कंपनीच्या जागी बसवायचा फिल्टर आणि पाइप. त्याच्या किटची जाहिरात उघडली की हॉर्सपॉवर किती वाढणार हे पहिल्याच ओळीत कळतं. आवाज कसा येईल याचा व्हिडिओ असतो. पाइप लाल हवा, निळा हवा की काळा, हेही अगत्याने विचारतात. पण हवा मोजणारा सेन्सर बसतो त्या जागी पाइपचा आतला व्यास किती मिलिमीटर आहे, एवढं मात्र कुठे लिहिलेलं नसतं. माझं सगळं घोडं तिथेच अडलं.

आधी थोडं गाडीबद्दल. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन आणि आत जाणारी हवा मोजायला हॉट वायर (तापलेल्या तारेच्या) पद्धतीचा मॅफ सेन्सर. खर्च करण्याआधी मी ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) एक साधा स्कॅनर लावून इनटेकच्या हवेचं तापमान बघत गाडी चालवली. वेगात असताना ते बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम काही अंश जास्त. सिग्नलला उभं राहिलं की भराभर चढायचं, गाडी हलली की पुन्हा उतरायचं. म्हणजे कंपनीने दिलेला फिल्टरचा डबा थंड हवाच ओढत होता. त्याचं तोंड हेडलाइटच्या मागे, इंजिनच्या गरम हवेपासून लांब होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत ते असंच असतं. त्यामुळे ‘कोल्ड एअर’ या नावात नवीन फारसं काही नाही. फायदा झालाच तर वरच्या आरपीएमला, अडथळा कमी झाल्यामुळे आणि तोही मोजकाच. हे सगळं कळल्यावरही मी किट घ्यायचं ठरवलं, कारण मला तो आवाज हवा होता. कंपनीच्या पाइपवर जो रेझोनेटर असतो तो हा आवाज दाबायलाच बसवलेला असतो. आवाज हवा म्हणून घेतोय, असं स्वतःशी स्पष्ट असलं की पुढच्या जाहिरातींचा त्रास निम्मा होतो.

उघड्या फिल्टरचा आखूड पाइप, ज्याला शॉर्ट रॅम म्हणतात, तो मी लगेच बाद केला. तो बॉनेटखालचीच गरम हवा ओढतो. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. शिवाय हवा गरम असली की नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) व्हिडिओंमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा लावलेला असतो. त्यांतले ताकदीचे आलेख बघताना कोपऱ्यात एसएई लिहिलंय की एसटीडी तेही बघा; हवामानानुसार आकडा दुरुस्त करायच्या या दोन पद्धती. एसटीडीचा आकडा त्याच गाडीला सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो.

राहिला बंद डबा असलेला, बाहेरून हवा घेणारा किट. असे दोन सापडले. दोघांचे फोटो छान आणि दोघांच्या पानावर ‘थेट बसतो’ असं ठळक अक्षरांत.

आता मॅफचा मुद्दा. या सेन्सरमध्ये एक बारीक तार ठरावीक तापमानाला गरम ठेवलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते, आणि तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागला यावरून हवेचं वजन काढलं जातं. तारेला फक्त तिच्या अंगावरून जाणारी हवा कळते, बाकी पाइपचा हिशेब ईसीयूतल्या तक्त्यात असतो आणि तो तक्ता एका ठरावीक व्यासासाठीच बनवलेला असतो. पाइप रुंद झाला की तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रोजच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटल दिला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्याचं ऐकत नाही आणि भिस्त मॅफच्या आकड्यावर असते. लीन मिश्रण नेमकं तिथे परवडत नाही.

माझ्या मूळ पाइपचा आतला व्यास कॅलिपरने ७० मिमी भरला. म्हणून पहिल्या विक्रेत्याला साधा प्रश्न विचारायचा होता. त्यासाठी एक फॉर्म होता. कंपनी, मॉडेल, वर्ष, इंजिन असे सगळे रकाने यादीतून निवडायचे. माझ्या मॉडेलला त्या वर्षी दोन इंजिनं होती आणि यादीत एकच होतं. ‘इतर’ नावाची सोय नाही, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. शेवटी जे होतं ते निवडून शेऱ्याच्या चौकटीत खरं इंजिन लिहिलं आणि खाली प्रश्न लिहिला. उत्तर आलं: हे उत्पादन आपल्या निवडलेल्या वाहनाला १०० टक्के बसेल.

बसेल हे मला माहीतच होतं. सिलिकॉनचा कपलर आणि क्लॅम्प हाताशी असले की काहीही कशालाही बसतं.

मी प्रश्न पुन्हा पाठवला, या वेळी फक्त तेवढंच वाक्य. त्यांनी चॅसिस नंबर मागितला. दिला. मग बॉनेट उघडून फोटो मागितला. पाठवला, सेन्सर दिसेल असा, वर बाण काढून. त्यानंतर बरेच दिवस काही नाही, आणि मग एक आपोआप आलेला संदेश: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मी तक्रार केलीच नव्हती! बंद झालेल्या नोंदीवर उत्तर देता येत नव्हतं. नवी नोंद उघडली तर पहिला प्रश्न पुन्हा चॅसिस नंबर.

मग फोन. वाद्यसंगीत ऐकून झाल्यावर एक विनम्र मुलगा आला. त्याला दोष देत नाही, त्याच्यापुढेही तोच फॉर्म असणार.

“सर, पाइप तीन इंची आहे.”

“बाहेरून की आतून?”

थोडा वेळ शांतता. “सर, तीन इंची म्हणजे तीन इंची.”

हा फरक कीस काढण्यासारखा वाटेल, म्हणून हिशेबच मांडतो. तीन इंच म्हणजे ७६.२ मिमी. हे माप बाहेरचं असेल आणि पाइपची जाडी १.६ मिमी असेल, तर आतला व्यास ७३ मिमी आणि माझ्या ७० च्या तुलनेत क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के जास्त. तेच माप आतलं असेल तर १८ टक्क्यांहून जास्त. पहिल्या गोष्टीत ईसीयू कदाचित कुरकुर करत निभावून नेईल. दुसरीत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागून पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, असा कोड येण्याची चांगलीच शक्यता. आणि काही किटमध्ये पाइप कितीही रुंद असला तरी सेन्सरपुरता तुकडा मूळ व्यासाचा ठेवलेला असतो. मग हा प्रश्नच उरत नाही. तीन शक्यता, तिन्हींचा परिणाम वेगळा आणि विकणाऱ्याचं तिन्हींना एकच उत्तर. त्याला मी म्हटलं, गोदामातला एक डबा उघडा आणि आत पट्टी लावा. तो म्हणाला, डबा उघडला तर तो नवीन म्हणून विकता येत नाही. हे मात्र मला पटलं. पण ज्यांनी तो पाइप बनवला त्यांच्याकडे तरी हे माप असेल ना! पुढे विचारतो म्हणाला. ते अजून विचारताहेत.

दुसऱ्या विक्रेत्याला मी फॉर्म न भरता थेट ईमेल केला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की चॅसिस नंबर देणार नाही, फक्त माप हवंय. उत्तरात मजकूर जवळपास नव्हताच. एक फोटो होता: काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यात आतून टेकलेले कॅलिपरचे जबडे, पडद्यावर ७०.१, बाजूला कोणाचा तरी ग्रीस लागलेला अंगठा. खाली त्यांनी बसवण्याच्या माहितीपत्रकाची फाइल जोडली होती आणि त्यात सेन्सरच्या आधीचा पाइपचा भाग सरळ ठेवलेला दिसत होता. हेही महत्त्वाचं आहे. वळणाला लागून सेन्सर असला तर व्यास बरोबर असूनही हवा घुसळते आणि आकडा डळमळतो. तिथल्या तिथे पैसे भरले. घेण्याआधी बसवण्याचं माहितीपत्रक मागा, हे खरं तर मी सुरुवातीलाच सांगायला हवं. जाहिरातीपेक्षा त्यात माहिती जास्त असते.

बसवणं सोपं होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. मॅफ जुन्या पाइपातून नव्यात घालताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेला ठेवा आणि तारेला बोट लावू नका. ती साफ करायचीच असेल तर मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, ब्रेक क्लीनर नाही.

फिल्टर मी कोरडा घेतला. तेल लावलेले कापडी फिल्टर वाईट नसतात, पण धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते उडून मॅफच्या तारेवर बसतं, आणि जास्त तेल घालायचा मोह प्रत्येकालाच होतो. फिल्टर किती धूळ अडवतो हे सांगताना आयएसओ ५०११ चाचणीचा उल्लेख आणि आकडा आहे का बघा. ‘जास्त हवा’ एवढंच लिहिलं असेल तर ती हवा काय काय सोबत आणते हा प्रश्न राहतोच.

फिल्टर बंपरमध्ये अगदी खाली नेणारे किटही असतात. हवा तिथे खरोखर थंड असते, पण साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागत असेल तर नको. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापुढे कितीही हॉर्सपॉवर मिळाली तरी काय करायची.

तुमच्या गाडीत मॅफ नसून मॅप (हवेच्या दाबावरून हिशेब करणारा) सेन्सर असेल, तर वरचं निम्मं पुराण तुमच्यासाठी नाही; तुम्ही फक्त तापमानाच्या सेन्सरची जागा आणि ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ पाइपात सोडणाऱ्या) नळीचं तोंड जुळतंय का ते बघा. टर्बोवाल्यांना पुढे इंटरकूलर असतो, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या तापमानापेक्षा टर्बोच्या आधीचा अडथळा किती कमी होतो हे जास्त महत्त्वाचं. डिझेल इंजिन तसंही गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं, तिथे नुसती हवा वाढवून ताकद येत नाही. आणि आपल्याकडे हा बदल कायद्यात बसतो का आणि वॉरंटीचं काय होतं, हे ज्याचं त्याने आधी विचारावं, आणि लेखी.

बसवल्यावर मी आठवडाभर स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये सतत किती टक्के दुरुस्ती करतोय तो आकडा, बघितला. आधी जेवढा होता त्याच्या एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर. गाडी वेगाने पळते का? खालच्या आरपीएमला काहीही फरक नाही, वर थोडी मोकळी वाटते, आणि तेही आवाजामुळे वाटत असेल तर मी भांडणार नाही. आवाज मात्र मस्त आहे.

राहून गेलं: पहिल्या काही दिवसांत इंजिन तापून गार झालं की क्लॅम्प थोडे सैल होतात. पुन्हा एकदा पाना फिरवा. मॅफ आणि इंजिनच्या मध्ये कुठेही फट राहिली तर न मोजलेली हवा आत जाते, कोड पुन्हा तोच पी०१७१ येतो, आणि तुम्ही उगाच सेन्सरला शिव्या देत बसता. मूळ डबा, पाइप आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत एकत्र बांधून ठेवा; गाडी विकताना घेणारा तेच मागेल.