इंजिनच्या सायकलची चेन उतरते? टेन्शनरला हात शेवटी लावा

सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक किटमध्ये (खोक्यावर ८० सीसी, प्रत्यक्षात बहुधा ६६) इंजिनकडे १० दात, मागे ४४ दातांचं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि ४१५ नंबरची चेन येते. चेन उतरायला लागली की बहुतेक जण आधी टेन्शनर (चेन ताणून धरणारा, फ्रेमच्या नळीवर बसणारा रोलर) आवळतात. दोष मात्र बहुतेक वेळा मागच्या स्प्रॉकेटमध्ये असतो, टेन्शनर तो फक्त थोडा वेळ झाकतो.

सुरुवात चाकापासून करा. आधी रिमचा आऊट (फिरताना होणारी डावी-उजवी वळवळ) काढा, मग चाक चिमट्यात (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांत) बरोबर मधोमध बसवा. इथे एक तारांचा हिशेब आहे. किटचं स्प्रॉकेट ९ बोल्टचं असतं आणि ते ३६ तारांच्या चाकासाठी बनवलेलं असतं. आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलींच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात, त्यामुळे एखाद-दुसरा बोल्ट तारेवर येतोच. तार वाकवून बोल्ट घुसवू नका, ती तार काही दिवसांत तुटते. ३६ तारांचं चाक घ्या, नाहीतर हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) मापाचा दोन फाळ्यांचा क्लॅम्प बसवा, म्हणजे स्प्रॉकेट तारांऐवजी हबवर बसतं. खर्च परवडत असेल तर ३६ तारांवरही क्लॅम्पच बरा.

तारांवर बसवायचा क्रम बाहेरून आत असा: स्प्रॉकेट, रबर, तारा, दुसरं रबर, तीन अर्धगोल पट्ट्या. आतलं रबर एका ठिकाणी कापल्याशिवाय तारांमधून हबवर चढत नाही. बोल्ट ओळीने आवळले तर स्प्रॉकेट तिरकं बसतं. १-४-७, मग २-५-८, मग ३-६-९ असे थोडे थोडे आवळत जा. नट आत नायलॉनची रिंग असलेले (नायलॉक) घ्या.

आता प्लगची कॅप काढा, क्लच दाबून लॉक करा आणि चिमट्याच्या नळीला एक केबल टाय असा बांधा की त्याचं टोक दातांना जेमतेम लागणार नाही. चाक हाताने सावकाश फिरवा. बोटं चेनपासून लांब ठेवा. दात टोकापासून डावी-उजवीकडे हलत असतील तर जिथे स्प्रॉकेट बाहेर येतं तिथले बोल्ट आवळा, आत जातं तिथले किंचित सैल करा. हा खेळ १ मिलिमीटरच्या आसपास आणता आला तर उत्तम. दात वर-खाली होत असतील तर बोल्ट आवळून काही होणार नाही. स्प्रॉकेटचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं आणि ते एका बाजूला सरकलेलं असतं. बोल्ट सैल करा, हबभोवती जुन्या ट्यूबची पट्टी सारख्या जाडीत गुंडाळून फट भरा आणि पुन्हा आवळा. चेन चाकाच्या एका फेरीत एकदा घट्ट, एकदा ढिली होत असेल तर हाच दोष समजायचा.

मग चेनची रेषा. इंजिनच्या स्प्रॉकेटचं झाकण काढा आणि मागून, चेनच्या वरच्या बाजूवरून एक डोळा मिटून बघा. दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल तर रेषा चुकली आहे. किटचं स्प्रॉकेट थोडं खोलगट असतं. ते उलटं बसवलं की दात काही मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतात. टायर रुंद असेल तर दात बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर चेन टायर खाते.

टेन्शनरकडे आता या. इंजिन ओढतं तेव्हा वरची चेन ताणलेली असते आणि खालची सैल. पण इंजिन सुरू करायला पेडल मारून क्लच सोडला की चाक इंजिनला फिरवतं आणि सगळा झटका खालच्या चेनवर, म्हणजे टेन्शनरच्या रोलरवर येतो. त्याच झटक्यात टेन्शनरचा नळीवरचा क्लॅम्प फिरतो आणि टेन्शनर तारांत शिरतो. चालत्या गाडीवर मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मागच्या चाकाचा एक्सल (आस) फ्रेममध्ये मागे-पुढे सरकत असेल तर टेन्शनर काढूनच टाका. चेनच्या कड्यांची एक जोडी (एक आतली, एक बाहेरची) कमी केली की एक्सल सुमारे १२.७ मिलिमीटर पुढे येतो, ४१५ ची हाफ लिंक (एकाच कडीचा फरक करणारी कडी) वापरली तर त्याच्या निम्मा. उजवीकडची पेडलची चेनही त्याच मापाने जुळवावी लागते, हे आधीच धरून चाला. गिअरच्या सायकलीत एक्सल बहुधा सरकत नाही, तिथे टेन्शनर ठेवावाच लागतो. मग रोलर चेनच्या रेषेत येईपर्यंत त्याची पट्टी वाइसमध्ये धरून पिळा आणि क्लॅम्प फिरणार नाही असा पक्का करा.

ढिलाई चेन सगळ्यात घट्ट असेल त्या जागी मोजा: मध्यावर वर-खाली मिळून १२ ते १५ मिलिमीटर. जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवा.

चाचणी मोकळ्या खासगी जागेत घ्या. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचीच वाहनं सुटतात, हे किट त्यात बसत नाही. पहिल्या २०-३० किलोमीटरमध्ये रबर दबतं, म्हणून नऊही बोल्ट आणि डाव्या बाजूच्या तारा पुन्हा तपासा, आणि बोल्ट आवळले की केबल टायसमोर चाक परत एकदा फिरवा.