दीड दादरा

आयर्लंडमधल्या गॉलवेला आल्यापासून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी इकडची गाणी टाकायचो. उत्तरं ठरलेली: चार अंगठे, दोन नमस्कार, आणि मधूनच कोणाचा तरी कापसाच्या भावाचा मेसेज. सगळ्यांसाठी टाकलेलं गाणं कोणीच ऐकत नाही. म्हणून आता माणूस बघून पाठवतो. कोणाच्या हातात काय वाद्य आहे, कोणाच्या गळ्यात काय आहे, ते पाहून.

माझे मोठेबाबा तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावी भजनात खंजिरी वाजवतात. मोझरीचं गुरुकुंज जवळच, त्यामुळे खंजिरी आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या नावानेच हातात येते. महाराज १९५५ साली जपानला धर्मपरिषदेला जाऊन आले होते, हे मोठेबाबा मला हटकून ऐकवतात. अशा माणसाला मी परदेशाचं काय कौतुक सांगणार! त्यांना मी बाउरानचा व्हिडिओ पाठवला. लाकडी कडं, एका अंगाला शेळीचं कातडं, झांजा बहुतेक नसतातच. एका हातात छोटी दांडी, आणि दुसरा हात आतून कातड्यावर सरकत आवाज चढवतो-उतरवतो. लगेच फोन आला, "अबे, आतला हात दाखव न! हा कॅमेरावाला नुसतं तोंडच दाखवून राह्यला."

मग कातड्यावर चर्चा. आपल्याकडे पावसाळ्यात डफडं ढिलं पडलं की जाळावर शेकून घेतात. इथे पबातली हवा गरम आणि कोरडी झाली की कातडं ताणतं, म्हणून वादक आतून पाणी फवारतात. "थंड्या मुलकात कातड्याले पानी," मोठेबाबांना हे फारच आवडलं. मंडळात सगळ्यांना सांगून झालं.

हे वाद्य मैफलीत आलं ते तसं अलीकडे, १९६०च्या दशकात, शॉन ओ रियादा या संगीतकारामुळे. त्याआधी ते मुख्यतः खेड्यातलं. २६ डिसेंबरला, रेन डे या सणाला (रेन म्हणजे एक छोटा पक्षी), पोरं गवताचे पेहराव करून, तोंडं झाकून दारोदार वाजवत फिरायची आणि पैसे मागायची. काही गावांत अजूनही फिरतात. दिवाळीत गोवारी बांधव डफडी वाजवत, गाणी म्हणत घरोघरी येतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आईला बाउरान पाठवून उपयोग नव्हता. तिला आधी शंका, "पब म्हंजे बारच व्हय न?" व्हय. पण तिथे वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून गोल बसतात, ऐकणाऱ्यांकडे पाठ झाली तरी चालते, आणि न विचारता कोणी बाउरान घेऊन मध्ये बसला तर नजरेनेच त्याला उठवतात. हे ऐकून ती जरा निवळली. तिला मी शॅन-नोस पाठवलं. गॉलवेजवळच्या कॉनेमारा भागातलं आयरिश भाषेतलं जुनं गाणं, साथीला काहीच नाही, एकटा गळा. गाणाऱ्या बाईचा हात शेजारच्याने धरलेला, आणि तो सुरांबरोबर हळूहळू फिरवतोय. ही तिथली जुनी रीत आहे. एक शब्दही कळत नसताना आईने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "हिचं कोन गेलं?" आई जात्यावर ओव्या म्हणत मोठी झालेली, तिला चाल पुरते.

खरी गंमत मात्र तालाची झाली. रील आणि जिग हे इथल्या नाचाच्या धुनांचे प्रकार. रीलला केरवा बसतो, जिगला सहा मात्रांचा दादरा; मोठेबाबांनी दोन्ही पहिल्याच ऐकण्यात पकडले. मग मी स्लिप जिग पाठवली. तिच्यात तीन-तीनचे तीन गट, म्हणजे नऊ मात्रा. दादरा धरला की सम, म्हणजे पहिली मात्रा, निसटते. दोन दिवस काही निरोप नाही. मग व्हॉइस मेसेज आला: आधी खंजिरी, मग खोकला, मग, "दादरा अन् वरून अर्धा दादरा. दीड दादरा व्हय हा. एवढं सोपं होतं, अन् तू मले नऊ-नऊ सांगून राह्यला!" संगीतशाळेत हे कसं शिकवतात कोण जाणे, पण माझ्या डोक्यात स्लिप जिग पहिल्यांदा तेव्हाच बसली.

तो मेसेज मी इथल्या एका बाउरानवाल्या म्हाताऱ्याला ऐकवला. त्याने पुन्हा लावायला सांगितला. दांडी नाही, एकाच हाताची बोटं आणि वर झांजा वाजतायत, हे त्याला आवाजावरून पटेना. शेवटी मी व्हिडिओ मागवला. तो पाहून त्याने चौकशी कशाची करावी? मोठेबाबा बोटाला काही लावतात का याची. मोठेबाबा म्हणाले, "थुका. सांगू नको."

आता पेटीवाले भाऊही मागे लागलेत. इथल्या बऱ्याचशा धुना पेटीच्या पांढरी दोन नाहीतर पांढरी पाच या पट्टीतल्या, ते त्यांना चालतं. तक्रार वेगाची आहे. "बोटं मोडतीन राज्या, एखादी हळू पाठव." शनिवारच्या बैठकीत संथ वाजवणारी एक फिडलवाली, म्हणजे व्हायोलिनवाली, येते. तिला विचारून एक धून रेकॉर्ड करून पाठवतो म्हणालोय.