सणाचं कापड

मिरजेत पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे. शनिवारी चित्रकला मीच घेते आणि यंदा त्यात 'जगाची ओळख' आली आहे. उपक्रम म्हटला की आमच्याकडे आधी फोटो आणि मग पोरं. ग्रुपवर बाकीच्या शाळांचे फोटो बघितले. कागदाचा पंखा केला की जपान झाला, गालावर पट्टे ओढले की आफ्रिका झाली. आफ्रिका हा एक देश आहे, अशी मास्तरलोकांचीच समजूत असेल तर पोरांना काय बोलायचं?

म्हणून मी एकच गोष्ट नीट करायची ठरवली. घानातल्या अशांती लोकांचं ठशांचं कापड, आदिंक्रा. कुमासी शहराजवळ न्तोन्सो गावात ते आजही हातानं छापतात. झाडाची साल उकळून उकळून डांबरासारखी काळी शाई करतात. लाकडी फणी शाईत बुडवून कापडावर रेघा ओढतात, चौकटी पडल्या की त्यात ठसे. आणि ठसे भोपळ्याच्या कवचाचे.

मी आपली बटाटे घेऊन बसले होते. बटाट्याचं दुखणं छापणाऱ्यालाच ठाऊक. पंधरा मिनिटांत पाणी सोडतो, कडा फुगतात, पक्ष्याचा बटाटाच होतो. भोपळ्याचं सांगितल्यावर मागून आवाज आला, "बाई, आमच्यात ढीगभर पडलाय की."

पोरगं सतारमेकर गल्लीतलं. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मला माहीत होतं, पण सतारीचा भोपळा आणि तिकडचा ठसा एकाच जातीच्या वेलाचा, आपल्या दुधीचाच कडू भाऊ, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याचे आजोबा फुटक्या भोपळ्याचे तुकडे घेऊन आले. मी दाखवलेलं चित्र बघून त्यांनी एका तुकड्यावर सान्कोफा कोरला होता, मान वळवून मागं बघणारा पक्षी. 'मागं जा आणि राहिलेलं घेऊन ये' असा त्याचा अर्थ. सतारीवर पानं कोरणारा हात तो. पाठीला काड्या बांधून मूठसुद्धा केली होती.

मी ठसा घेतला आणि बटाट्यासारखा दाबला. अर्धाच पक्षी उठला. आजोबा म्हणाले, "बाई, ह्याला बाक हाय. दाबायचा न्हाई, झुलवायचा." या कडेवर टेकवायचा आणि त्या कडेपर्यंत डोलवत न्यायचा. वीस वर्षं ठसेकाम घेतेय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पोरांना मात्र दोन मिनिटांत जमलं. रंगात थोडी खळ घातली होती, स्पंजची गादी पितळेच्या ताटात. घरून आणलेल्या जुन्या कापडांवर पक्षीच पक्षी झाले.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्ये कापड कवा नेसत्यात?"

हल्ली तिकडे सणासमारंभातही नेसतात. तेवढं सांगून सुटले असते. पण मूळ ते दुखवट्याचं कापड. आदिंक्रा या शब्दाचा अर्थच निरोप असा सांगतात. मी सांगितलं, "घरातलं माणूस गेलं की, त्याला निरोप द्यायला."

क्षणभर वर्ग गप्प. मग जो तो सांगायला लागला. कुणाचे आजोबा, कुणाची म्हैस, एकाचा कोंबडा, तो तर पाव्हणे आले म्हणून गेला होता. हसणंही झालं. ज्या मुलीनं विचारलं ती मात्र खाली मान घालून ठसा झुलवत होती. छापून झाल्यावर म्हणाली, "ह्ये आज्जीच्या पातळाचं हाय." दिवाळीपर्यंत रोज तिला शाळेत सोडायला यायची ती आजी. आम्ही सगळ्या बायका तिच्यासमोर तो विषय टाळत होतो, शहाणपणा म्हणून.

सोमवारी एका पालकाचा फोन मोठ्या बाईंना. एवढ्याशा लेकरांना मयताच्या गोष्टी कशाला? मोठ्या बाई वाईट नाहीत, त्यांना फक्त फोन नको असतो. म्हणाल्या, कापडं भिंतीवर लावा, खाली लिहा 'घाना देशातील सणाचे कापड'. खोटं कुठं आहे त्यात? नाहीच म्हणा. मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, फोटो ग्रुपवर गेला, अंगठे आले.

पण ही पोरं जूनमध्ये आली तेव्हा त्यांना काना-मात्रा कळत नव्हता. आता वाचतात, आणि वाचणं मीच शिकवलंय. गुरुवारी ती मुलगी भिंतीपाशी उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. "स... णा... चे." वळून माझ्याकडे बघितलं.

"बाई, सणाचं न्हाई ना?"

मोठ्या बाई व्हरांड्यातच उभ्या होत्या. मी म्हटलं, "चल वर्गात, घंटा झाली."